मेस बंद असते त्या रात्रीचा फ्राइड राइस: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

पुण्यात रूम करून राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, रविवारी दुपारी मेसला फीस्ट असते आणि रात्री मेस बंद. मी पहिलं दीड वर्ष रविवारच्या रात्री वडापाव, मॅगी आणि खालच्या गाडीवरचं चायनीज या तीन गोष्टींवर काढलं. मग एकदा वाटलं की हा फ्राइड राइस आपण रूमवर का नाही करत, त्यात आहे काय, भात आणि भाज्या. केला. आईनं गावाकडनं दिलेला इंद्रायणी तांदूळ कुकरला लावला, कुकर उघडल्या उघडल्या तसाच वाफाळता भात नॉनस्टिक पॅनमध्ये टाकला, वरनं सोया सॉस अंदाजे ओतला आणि ढवळत बसलो. जे झालं ते बघून रूममेट म्हणाला, "हा गुळाचा सांजा आहे का?" रंग तसाच होता आणि गोळा पण तसाच.

त्यानंतर पाच-सहा वेळा बिघडवला. मग खालच्या गाडीवर जे दाजू आहेत (नेपाळचे आहेत, सगळी गल्ली त्यांना दाजूच म्हणते) त्यांच्यासमोर पार्सलची वाट बघताना नीट लक्ष देऊन उभा राहायला लागलो. विचारलं की तुमचा भात असा मोकळा कसा होतो, तर त्यांनी कढईकडं बोट न दाखवता मागच्या टोपाकडं दाखवलं आणि म्हणाले, "भात दुपारचा." मला वाटत होतं सगळी जादू सॉसच्या बाटल्यांमध्ये आहे. तसं नाहीये. भात कोरडा पाहिजे, कढई नीट तापलेली पाहिजे आणि एका वेळी थोडाच माल पाहिजे, एवढं जमलं तर नुसतं लसूण-मीठ घालून पण खाण्यासारखा होतो, आणि हे नाही जमलं तर दुकानातल्या सगळ्या बाटल्या आणून ओतल्या तरी सांजाच.

खाली दिलेलं माप दोन माणसांचं आहे. तयारीला पंधरा मिनिटं, गॅसवर सात-आठ मिनिटं.

१. आधी भाताचं बघा, बाकी सगळं नंतर

आपल्या घरात फोडणीचा भात कधी होतो? रात्रीचा भात उरला की सकाळी. ताजा भात लावून त्याला मुद्दाम फोडणी घालणारी आई मी तरी पाहिलेली नाही. फ्राइड राइसचं पण तेच आहे, फक्त मोहरी-हळदीच्या जागी लसूण-मिरी येते आणि आच मोठी लागते. भात गार झाला की त्यातला स्टार्च परत घट्ट होतो आणि वरचा ओलावा उडून जातो, त्यामुळं शितं एकमेकांना चिकटत नाहीत आणि कालथा मारला तरी मोडत नाहीत. गरम भातात वाफ अडकलेली असते, ती कढईत बाहेर येते आणि भात परतण्याऐवजी परत शिजायला लागतो.

तांदूळ कुठला घ्यायचा: कोलम, सोना मसूरी किंवा साधा बासमती. मला स्वतःला कोलम आवडतो, तो फडफडीत होतो आणि बासमतीसारखा लांब शिताचा तोरा नसतो, चमच्यानं खायला बरा पडतो. इंद्रायणी आणि आंबेमोहोर हे वरण-भाताचे राजे, पण जात्याच चिकट, ते इथं नकोत. बासमतीचा तुकडा पण नको.

आता तुमच्यापुढं तीन रस्ते आहेत.

पहिला, दुपारचा भात फ्रिजमध्ये आहे. उत्तम. बाहेर काढा, हात ओले करून गुठळ्या हलक्या फोडा. कोरड्या हातानं फोडलात तर निम्मा भात बोटांनाच चिकटतो. दाबायचं नाही, नुसतं सुटं करायचं.

दुसरा, भात नाहीये पण हातात सव्वा-दीड तास आहे. एक वाटी तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुवा आणि वीस मिनिटं भिजवा. मोठ्या पातेल्यात सहा वाट्या पाणी खळखळ उकळा, त्यात एक चमचा मीठ, एक चमचा तेल, चार थेंब लिंबू. तांदूळ टाका आणि झाकण न ठेवता शिजवा. बासमतीला साधारण सात-आठ मिनिटं पुरतात, कोलमला थोडं इकडंतिकडं, म्हणून पाच मिनिटांनंतर दर मिनिटाला एक शीत काढून बोटात दाबून बघायचं. बाहेरून शिजलेलं आणि मधे किंचित कणी लागतेय असं वाटलं की गॅस बंद, लगेच चाळणीत ओता. पूर्ण मऊ होईपर्यंत थांबलात तर संपलं. निथळला की मोठ्या परातीत पातळ पसरा, पंख्याखाली पंधरा मिनिटं, मग परात तशीच उघडी फ्रिजमध्ये अर्धा तास. रूमवरच्या फ्रिजमध्ये परात मावत नाही हा प्रश्न येणारच, मग दोन ताटं करा.

तिसरा, कुकर. एक वाटी तांदळाला दीड वाटी पाणी, त्यापेक्षा जास्त नको. दोन शिट्ट्या, प्रेशर आपोआप उतरू द्या, उघडा आणि लगेच परातीत पसरा. कुकरमध्येच झाकून ठेवलात तर खालचा थर आसट होतो.

एक वाटी तांदळाचा साधारण तीन वाट्या भात होतो, दोघांना तेवढा बास.

आणि आता जरा सिरियस गोष्ट. शिळा भात पाहिजे म्हणजे ओट्यावर रात्रभर पडलेला भात नव्हे. हे मी अनुभवावरनं सांगतोय, मे महिन्यात रात्रीचा भात झाकून बाहेरच ठेवला होता, दुसऱ्या दिवशी त्याचा फ्राइड राइस केला आणि दोघंही दिवसभर उलट्या करत होतो. मला वाटलं होतं एवढ्या मोठ्या आचेवर परतल्यावर काय राहतंय त्यात. तर राहतं. बॅसिलस सेरिअस नावाचा एक जिवाणू कच्च्या तांदळातच असतो, त्याचे बीजाणू भात शिजवला तरी मरत नाहीत, आणि भात कोमट अवस्थेत पडून राहिला की ते वाढायला लागतात आणि विष तयार करतात. उलट्या करवणारं जे विष आहे ते परत गरम केल्यानं जात नाही, मग वासही नॉर्मल येतो आणि चवही. म्हणून भात शिजला की पसरून गार करायचा आणि तासाभराच्या आत फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. फ्रिज नसेल तर दुसरा रस्ता धरा, त्याच दिवशी शिजवा, पंख्याखाली सुकवा आणि लगेच परता.

२. हे सगळं ओट्यावर काढून ठेवा

शिजलेला गार भात, तीन वाट्या.
अंडी दोन. खात नसाल तर पनीर किंवा काहीच नाही.
लसूण आठ-दहा पाकळ्या, आलं अर्धा इंच, एक हिरवी मिरची.
गाजर एक लहान, फरसबीच्या सात-आठ शेंगा, ढबू मिरची अर्धी, कोबी बारीक चिरून एक वाटी.
कांद्याची पात चार-पाच काड्या, पांढरा भाग वेगळा आणि हिरवा वेगळा.
सोया सॉस दोन चहाचे चमचे, व्हिनेगर एक चहाचा चमचा, मिरपूड अर्धा चमचा, साखर एक चिमूट, मीठ.
तेल तीन टेबलस्पून. शेंगदाणा किंवा कुठलंही रिफाइंड. ऑलिव्ह ऑइल नको, तूप पण नको, मी करून बघितलंय, तुपातला फ्राइड राइस पुलावासारखा लागतो.

भांडी: एक मोठी लोखंडी कढई, कालथा, परात, एक वाटी सॉससाठी, एक ताटली अंड्यासाठी, सांडशी.

मिरपूड पांढरी मिळाली तर घ्या, गाडीवरचा जो एक विशिष्ट वास येतो ना त्यात पांढऱ्या मिरीचा मोठा हात आहे. काळी पण चालते.

अजिनोमोटोचं सगळे विचारतात म्हणून इथंच सांगून टाकतो. अजिनोमोटो हे जपानी कंपनीचं नाव, वस्तू म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञानं कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातनं ही चव वेगळी काढली. हेच ग्लुटामेट टोमॅटोत आणि चीजमध्ये नैसर्गिकच असतं. अजिनोमोटोत सोडियम मिठाच्या साधारण एक तृतीयांश असतं. मी दोघांच्या भाताला दोन चिमट्या घालतो, रूममेट घालू देत नाही तेव्हा घालत नाही, भात दोन्हीकडनं चांगला होतो. चमचा भरून घालणाऱ्यांबद्दल मात्र मला काही बोलायचं नाही.

३. कढई आणि शेगडी, इथं लोक सगळ्यात जास्त फसतात

नॉनस्टिक बाजूला ठेवा. फ्राइड राइसला रिकामी कढई कडकडीत तापवावी लागते आणि नॉनस्टिकचं कोटिंग २६० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की खराब व्हायला लागतं, रिकामं भांडं मोठ्या आचेवर तिथं फार लवकर पोचतं. भांड्याच्या दुकानात जाऊन साधी लोखंडी कढई घ्या, बिडाची असली तरी चालेल पण ती जड असते आणि एका हातानं उचलायला नको वाटतं. अकरा-बारा इंच तोंडाची घ्या. दोन माणसांच्या भाताला एवढी मोठी कशाला असं वाटेल, पण भात पसरायला जागा पाहिजे.

नवी लोखंडी कढई आणली की घासून, गॅसवर पूर्ण वाळवून, तेलाचा पातळ हात द्या आणि धूर येईपर्यंत तापवा. गार झाली की परत एकदा, असं तीन वेळा. पहिल्या महिन्यात थोडं चिकटेल, नंतर तीच कढई लेकरासारखी ऐकते.

गाडीवरची ती भसाभसा आग आपल्याकडं नाही, हे मान्य करून टाकायचं. काही जण हौसेनं हाय प्रेशरची शेगडी आणून घरच्या सिलिंडरला लावायला बघतात. ते कृपया करू नका. घरचा रेग्युलेटर लो प्रेशरचा असतो, ती शेगडी त्यावर नीट चालतच नाही, आणि त्यासाठी रेग्युलेटर बदलण्याचे उद्योग बंद स्वयंपाकघरात म्हणजे जिवाशी खेळ. आपल्या आचेची कमतरता भरून काढायचा उपाय एकच, कढईत कमी टाका. गार आणि ओला माल एकदम पडला की कढई थंड होते, पाणी उडून जायच्या ऐवजी तळाशी साठतं आणि सगळं उकडायला लागतं. चार जण जेवायला असतील तर दोनदा करा. सात मिनिटं परत द्या, पण चौघांचा एकत्र करू नका.

इंडक्शनवाल्यांसाठी: ॲल्युमिनियमची कढई त्यावर चालत नाही आणि गोल बुडाची लोखंडी चालली तरी मधेच एका रुपयाएवढ्या जागेत तापते. सपाट बुडाची लोखंडी घ्या. पॉवर सगळ्यात वर. आणि तेवढ्या वेळात कुणी गीझर लावणार नाही याची खात्री करा, आमच्या जुन्या रूमवर दोन्ही एकदम लावलं की एमसीबी पडायचा आणि मग अंधारात अर्धा परतलेला भात.

खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा. ठसका लागतो.

४. चिरणं

गाजर आणि फरसबी एकदम बारीक, ज्वारीच्या दाण्याच्या दुप्पट समजा. यांना शिजायला वेळ लागतो आणि आपल्याकडं वेळ नाहीये. कोबी आणि ढबू थोडी मोठी चालते. लसूण ठेचू नका, सुरीनं बारीक चिरा. ठेचलेल्या किंवा मिक्सरमधल्या लसणाला पाणी सुटतं, तो कढईला चिकटतो आणि पाच सेकंदांत करपून कडू होतो. तयार आलं-लसूण पेस्ट तर अजिबात नको, तिची चव भाजीची आहे, चायनीजची नाही.

धुतलेल्या भाज्या फडक्यावर पसरून कोरड्या करा. ही पायरी सगळे गाळतात, मी पण गाळायचो, आणि मग भाताला पाणी कुठनं सुटलं म्हणून शोधत बसायचो.

फ्रोझन मटार-गाजर-मका मिक्स असेल तर आधी पूर्ण वितळू द्या आणि पाणी पिळून टाका.

५. सॉस वाटीत आधीच मिसळा

सोया, व्हिनेगर, साखर, मिरपूड एका वाटीत. मीठ वेगळं. कढई समोर पेटलेली असताना बाटलीचं झाकण शोधायचं नसतं, आणि बाटलीतनं थेट ओतला की एक धार जास्त पडतेच.

सोयाचा हात आखडताच ठेवा. एका टेबलस्पून सोया सॉसमध्ये साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसाला सांगितलेली दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम आहे, म्हणजे बघा. रंग यायला पाहिजे म्हणून जास्त घालायचा मोह होतो. दुकानातनं डार्क सोया आणला असेल तर तो रंगालाच असतो, अर्धा चमचा पुरतो. भात काळपट झाला म्हणजे चांगला झाला असं नाही. चीनमधल्या यांगझोउ शहराच्या नावानं जो प्रसिद्ध फ्राइड राइस आहे तो बऱ्याचदा पांढरा-पिवळाच असतो, ही लाल-तपकिरी भानगड आपल्या भारतीय चायनीजची, ज्याची मुळं कोलकात्याच्या टँगरा भागातल्या हाक्का चिनी लोकांच्या स्वयंपाकात आहेत. मला दोन्ही आवडतात, पण पहिल्यांदा करताना फिका करा, मग हळूहळू वाढवा.

६. गॅसवरची सात मिनिटं

आता फोन सायलेंट करा. खरंच. इथं मधे थांबता येत नाही.

अ. रिकामी कढई मोठ्या आचेवर दोन मिनिटं. पाण्याचा थेंब टाकला तर तो चुर्रर होऊन बसला नाही पाहिजे, मोत्यासारखा पळाला पाहिजे. आता एक टेबलस्पून तेल, कढई उचलून सगळीकडं फिरवा.

आ. फेटलेली अंडी चिमूटभर मीठ घालून ओता. फुगतील. वीस सेकंद, कालथ्यानं मोठे तुकडे करा, किंचित ओली असतानाच ताटलीत काढा. ती परत शेवटी येणार आहेत, आत्ताच पूर्ण कोरडी केलीत तर नंतर रबर होतं.

इ. उरलेलं दोन टेबलस्पून तेल. तापलं की लसूण, आलं, मिरची, पातीचा पांढरा भाग. पंधरा सेकंद, फार तर वीस. लसणाच्या कडा सोनेरी दिसायला लागल्या की पुढं चला, लसूण लाल व्हायची वाट बघू नका, तो पुढच्या पाच मिनिटांत होणारच आहे.

ई. गाजर आणि फरसबी, एक मिनिट. मग कोबी आणि ढबू, अर्धा ते पाऊण मिनिट. मीठ इथं घालायचं नाही, कोबीला मीठ लागलं की लगेच पाणी सुटतं. भाज्या करकरीत राहिल्या पाहिजेत, ही भाजी नाहीये, झाकण ठेवायचा विचारही मनात आणू नका.

उ. भात. सगळा घाला, कालथ्याच्या पाठीनं गुठळ्या हलकेच मोकळ्या करा आणि मग पसरून तीस सेकंद हात बांधून उभे राहा. हे सगळ्यात अवघड आहे. आपल्याला सतत ढवळायची सवय, पण ढवळत राहिलं की शितं मोडतात आणि तळाची उष्णता भाताला लागतच नाही. तीस सेकंदांनी खालनं वर उलटा, परत पसरा, परत थांबा. असं चार-पाच वेळा. शितं कढईत उड्या मारायला लागली आणि चटचट असा बारीक आवाज यायला लागला की समजायचं आत्ता हा परतला जातोय. नुसता सुस्स असा वाफेचा आवाज येत असेल तर अजून ओलावा आहे, थांबा.

ऊ. आता मीठ, साधारण अर्धा चमचा, भात शिजवताना घातलं असेल तर पाव. आणि वाटीतला सॉस. तो भाताच्या डोक्यावर ओतायचा नाही, कढईच्या कडेनं गोल फिरवत ओतायचा, म्हणजे तापलेल्या लोखंडाला लागून तो तिथंच फसफसतो, थोडा जळतो आणि तो धुरकट गाडीवरचा वास येतो. भातावर ओतला तर एका जागी काळा डाग आणि बाकी पांढरा. दोन-तीनदा उलटा.

ए. अंडी परत, पातीचा हिरवा भाग, एकदा खालीवर, गॅस बंद. पात शिजवायची नाही, नुसती गरम व्हायला पाहिजे.

लगेच खा. फोटो नंतर.

चिकन घालायचं असेल तर पहिल्या दोन-तीन वेळेला नको, आधी भात जमू द्या. नंतर बोनलेसचे पातळ छोटे तुकडे करून, मीठ-मिरी-थोडा सोया लावून, अंड्याच्या आधी वेगळे परतून पूर्ण शिजवून बाजूला काढायचे आणि शेवटी अंड्याबरोबर घालायचे. मधला मोठा तुकडा तोडून बघा, गुलाबी असेल तर परत कढईत. रविवारच्या फीस्टमधलं सुकं चिकन उरलं असेल तर ते तोडून घातलं तरी भारी लागतं, थोडं कराडी चायनीज होतं एवढंच.

७. बिघडलं तर

ओला झाला: परातीत काढून पंख्याखाली पाच मिनिटं पसरा, कढई पुसून परत तापवा, निम्मा-निम्मा करून परता. शंभर टक्के सुधारत नाही, पण सांज्यावरनं भातावर येतो.

खारट झाला: साधा भात शिल्लक असेल तर तो मिसळा. नसेल तर मीठ न घालता दोन अंडी अजून परतून घाला, वरनं लिंबू. पाणी मारायचं नाही. बटाटा घाला असं कुणी सांगेल, ते रश्श्याला, इथं नाही.

तळाला लागला: खरवडू नका. वरचा भात अलगद दुसऱ्या भांड्यात काढा, खालचा सोडून द्या. खरवडलात की कडूपणा सगळीकडं.

फिका, बेचव लागतोय: दहातल्या आठ वेळा मीठ कमी असतं, सॉस नाही. आधी चिमूटभर मीठ घालून बघा, मग व्हिनेगरचे चार थेंब, आणि तरी काही वाटलं नाही तरच सोयाकडं जा.

८. शेजवान पाहिजे असेल तर

बाजारातली तयार चटणी वापरली तर दोघांना दीड ते दोन टेबलस्पून, लसणानंतर तेलात दहा सेकंद परतून मग भाज्या. तिच्यात मीठ, व्हिनेगर, तेल सगळं असतंच, त्यामुळं सोया एकच चमचा आणि मीठ शेवटी चव बघून.

घरी करायची तर दहा-बारा ब्याडगी मिरच्या बिया काढून गरम पाण्यात अर्धा तास भिजवा आणि त्याच पाण्याचे दोन चमचे घालून वाटा. पाव वाटी तेलात बारीक चिरलेला लसूण भरपूर, म्हणजे खरोखर भरपूर, वीस पाकळ्या, आणि इंचभर आलं मंद आचेवर परता, मिरचीचं वाटण घाला, तेल सुटेपर्यंत दहा मिनिटं, मग एक चमचा सोया, दोन चमचे व्हिनेगर, एक चमचा साखर, मीठ. काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये, ओला चमचा न घालता, आठवडाभर. आमची तीन दिवसांत संपते कारण एक जण ती पोळीला लावून खातो. लवंगी मिरची घेऊ नका, रंग येत नाही आणि दुसऱ्या दिवशी पश्चात्ताप होतो.

ट्रिपलच्या नादाला सध्या लागू नका. भात, नूडल्स आणि ग्रेव्ही, तीन कढया एकदम सांभाळाव्या लागतात, त्यासाठी दाजूच बरे.

९. उरलेला भात आणि कढई

उरला तर लगेच डब्यात भरून फ्रिजमध्ये आणि दुसऱ्या दिवशी एकदाच, वाफा निघेपर्यंत कडकडीत गरम करून खायचा. भात आधीच शिळा होता हे विसरू नका, तिसऱ्या दिवसापर्यंत ओढायचा नाही.

कढई कोमट असतानाच गरम पाणी आणि काथ्यानं धुवा, साबण लागलाच तर थोडा. रात्रभर सिंकमध्ये पाण्यात बुडवून ठेवली की सकाळी गंज, आणि मग ते तीन वेळा तेल तापवायचं काम परत पहिल्यापासून. धुतली की गॅसवर ठेवून पूर्ण वाळवा, फडक्यानं तेलाचा पुसट हात फिरवा आणि उलटी न घालता सुलटी ठेवा. भांडी घासायला मावशी येत असतील तर कढई त्यांच्या ढिगात जाणार नाही हे बघा, आमच्या मावशींनी एकदा ती राख आणि तारेच्या घासणीनं घासून अगदी चकचकीत करून दिली होती आणि त्या इतक्या खूश होत्या की मला काही बोलताच आलं नाही, गुपचूप परत तेल लावून तापवत बसलो.